मधमाशी जमिनीवर पडून राहते, उडत नाही: साखरपाण्याच्या आधी काय बघायचं

खिडकीखाली, गॅलरीत किंवा बागेतल्या पायवाटेवर मधमाशी बसलेली दिसते. हात जवळ नेला तरी उडत नाही, फार तर दोन पावलं सरकते. मग चमच्यात साखरपाणी येतं. कधी ती पिते आणि भुर्रकन निघून जाते. कधी तोंडही लावत नाही. कधी पोटभर पिते आणि दुसऱ्या दिवशी तिथेच मेलेली सापडते. आठवडाभरात त्याच जागी आणखी एक पडलेली असते आणि पुन्हा चमचा, पुन्हा साखर.

साखरपाणी हा एकाच दुखण्यावरचा इलाज आहे: रिकामं पोट. गारठा, भिजलेलं अंग, म्हातारपण, फाटलेले पंख, पोटात वाढणारी परजीवी अळी, कीटकनाशक, रात्रभर जळणारा दिवा, यांपैकी कशानेही माशी मंदावते आणि वरवर बघणाऱ्याला सगळ्या सारख्याच दिसतात. त्यामुळे कारण न बघता साखर पाजणं म्हणजे निम्म्याहून जास्त वेळा भलताच उपचार. माझी पद्धत साधी आहे. एखादीच माशी सापडली तर त्या माशीकडे बघायचं. एकाच जागी वारंवार सापडत असतील तर माशी सोडून त्या जागेकडे बघायचं.

आणखी एक गोष्ट आधीच डोक्यातून काढून टाकलेली बरी. जमिनीवर दिसलेली माशी पोळ्यातलीच असेल असं धरून चालू नका. जगात मधमाश्यांच्या आणि त्यांच्या भाऊबंदांच्या वीस हजारांवर जाती आहेत आणि त्यांतल्या बहुतेक एकट्या राहणाऱ्या. जमिनीत बीळ खणणाऱ्या, पोकळ काडीत घर करणाऱ्या, पानाचे गोल तुकडे कापून नेणाऱ्या, वाळक्या लाकडात भोक पाडणारे मोठे काळे भुंगे, सगळे यात आले. त्यांना परत जायला पोळं नसतं आणि वाट बघणाऱ्या बहिणीही नसतात. मादी एकटी कष्ट करते आणि नर तर बहुधा उघड्यावरच झोपतो.

हात लावण्याआधी

बोटांनी उचलू नका. मंदावलेली माशी चावत नाही हा गैरसमज आहे. नुकत्याच मेलेल्या माशीची नांगीसुद्धा दाबली गेली तर टोचू शकते. कडक कागद, पान किंवा काडी तिच्या पुढच्या पायांसमोर धरा. अंगात थोडंही बळ असेल तर ती स्वतः चढते, आणि चढते का हीच पहिली तपासणी होऊन जाते.

नांगी फक्त मादीला असते. पोळ्यातल्या कामकरी माशीच्या नांगीला उलटे काटे असतात. ती आपल्या कातडीत अडकते, विषाच्या पिशवीसकट तुटते आणि माशी मरते. बंबलबी (गुबगुबीत, दाट लव असलेली मोठी माशी) आणि लाकडातले भुंगे यांची नांगी बरीचशी गुळगुळीत असते, त्यामुळे त्यांची मादी पुन्हा पुन्हा डसू शकते. नांगी अडकलीच तर नखाने, कागदाच्या कडेने, कशानेही काढा, पण ताबडतोब काढा. तुटलेली पिशवी तेवढ्या वेळातही विष ढकलत राहते, त्यामुळे कशी काढली यापेक्षा किती लवकर काढली याला महत्त्व आहे. अंगभर गांधी उठल्या, ओठ किंवा जीभ सुजली, श्वास लागला, चक्कर आली तर माशीचं राहू द्या आणि सरळ दवाखाना गाठा. ज्यांना डंखाची ॲलर्जी आहे हे माहीत आहे त्यांनी या भानगडीत पडूच नये.

जवळपास मोहोळ असेल तर त्याच्या खाली वाकून माश्या वेचू नका. डसलेल्या जागेवर सुटलेला धोक्याचा गंध इतर माश्यांना बोलावणं धाडतो. हा गंध पिकलेल्या केळ्यासारखा असतो. तो आला की काढता पाय घ्यायचा.

ती खरंच आजारी आहे का?

जंगली माश्यांच्या बाबतीत सगळ्यात जास्त वेळा इथेच चुकतं. जिला आपण वाचवायला निघालो ती झोपलेली असते.

संध्याकाळी किंवा अगदी सकाळी वाळक्या काडीकडे नीट बघा. एकट्या राहणाऱ्या कित्येक जातींचे नर, काही जातींच्या माद्यासुद्धा, काडीला जबड्याने घट्ट चावा घेऊन झोपतात. सहाही पाय पोटाशी घेतलेले, अंग काडीपासून आडवं ताणलेलं, सगळा भार दोन जबड्यांवर. निळ्या पट्ट्यांच्या माश्या तर एकाच काडीवर ओळीने अशा लटकतात. पहिल्यांदा बघणाऱ्याला त्या मेलेल्याच वाटतात. त्यांना काडीवरून सोडवून डब्यात भरणं म्हणजे झोपलेल्याला उचलून दवाखान्यात नेणं. ऊन अंगावर आलं की त्या आपोआप हलतात.

बंबलबीजवळ बोट नेल्यावर ती मधला एक पाय वर उचलते. ती अपंग नसते. 'जवळ येऊ नकोस' हे सांगायची तिची ती रीत आहे. वसंतात बंबलबीची राणी जमिनीलगत हळूहळू चालत, गवतात डोकं खुपसत फिरताना दिसते. ती घरासाठी जागा शोधत असते. जमिनीत बीळ करणाऱ्या माश्या भुसभुशीत मातीवर घुटमळतात, तेही कामच आहे. आणि फुलावर एकाच जागी बराच वेळ निश्चल असलेली माशी दिसली तर तिच्या मानेखाली बघा. फुलाच्याच रंगाचा खेकडा-कोळी बहुधा तिथे असतो, आणि मग करण्यासारखं काही उरलेलं नसतं.

जिवंत आहे की नाही हे पोटावरून कळतं. मधमाशीला नाक नाही. छाती-पोटाच्या कडेने असलेल्या बारीक छिद्रांतून ती श्वास घेते आणि श्वास घेताना पोट लांबीच्या दिशेने आत-बाहेर होतं, दुर्बिणीच्या नळ्या सरकाव्यात तसं. अंग गार असेल तर हे इतकं संथ होतं की मिनिटभर डोळे लावून बसावं लागतं. पोट हलत असेल आणि शृंगिका, म्हणजे डोक्यावरच्या त्या दोन मिशा, अधूनमधून चाळवत असतील तर घाई नाही. जागा सुरक्षित असेल, पायाखाली येण्याची भीती नसेल आणि मुंग्या लागलेल्या नसतील, तर अर्धा-पाऊण तास काहीच न करणं हा उत्तम उपचार आहे.

मुंग्या मात्र वाट बघत नाहीत. त्या दिसल्या तर माशी लगेच हलवा.

गारठलेली माशी

पहाटे, ढगाळ दिवशी, पावसानंतर सापडलेली आणि पंख-पाय धड असलेली माशी बहुधा गारठलेली असते. उडायला तिच्या छातीतले स्नायू गरम लागतात, साधारण ३० अंश सेल्सिअसच्या आसपास. पोळ्यातली मधमाशी सेकंदाला सुमारे २३० वेळा पंख हलवते. थंड स्नायूंना ते जमत नाही. म्हणून उडण्याआधी ती पंख न हलवता नुसते स्नायू थरथरवते आणि स्वतःला तापवते. पंख स्थिर आणि छाती बारीक कापते आहे असं दिसलं तर ती तयारीत आहे. नेमकं तेव्हा तिला हलवू नये.

थरथरणं जमत नसेल तर कोवळ्या उन्हात कागदावर ठेवा. ऊन नसेल तर घरातल्या उबदार खोलीत, भोकं पाडलेल्या डब्यात. हेअर ड्रायर, बल्बजवळ ठेवणं, तळहातात दाबून धरणं, तोंडाची वाफ, यांतलं काही नको. एवढ्याशा जिवाला तापवता तापवता भाजायला वेळ लागत नाही.

क्रम महत्त्वाचा आहे. आधी ऊब, मग साखर. गारठलेल्या माशीला सोंड धड बाहेर काढता येत नाही. तिच्यापुढे साखरपाणी ठेवलं तर ती पीत नाही, वर त्यातच कलंडते आणि चिकट होते. 'प्यायला दिलं तरी पीत नाही' या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा एवढंच असतं.

कडक उन्हाळ्यात याच्या उलट. तापलेल्या फरशीवर फरफटणाऱ्या माशीला ऊन नको, सावली हवी. फुलाच्या झाडाखाली ओलसर पानावर ठेवा, बाजूला साध्या पाण्याचा एक थेंब.

भुकेलेली माशी आणि साखरपाणी

ऊब मिळाली, पंख शाबूत आहेत, पायांनी चालते पण उडत नाही, तर आता भुकेचा विचार करायचा. पहिला पर्याय फूल. मकरंदाने भरलेलं साधं, एकेरी पाकळ्यांचं फूल जवळ असेल तर तिला त्यावर ठेवा. शोभेच्या दुहेरी फुलांत पाकळ्यांची दाटी असते, मकरंद बहुधा नसतो किंवा हाती लागत नाही.

फूल नसेल तर पांढरी साखर आणि पाणी, दोन्ही समप्रमाणात. थोडं घट्ट, म्हणजे दोन भाग साखरेला एक भाग पाणी केलं तरी चालतं. कोमट पाण्यात साखर पूर्ण विरघळू द्या आणि मिश्रण निवू द्या. ब्राऊन शुगर किंवा न शुद्ध केलेली साखर नको, त्यांतले इतर घटक माशीला पचत नाहीत. कृत्रिम गोडीच्या गोळ्यांत तिच्यासाठी ऊर्जाच नाही.

मध तर अजिबात नको, आणि इथेच लोक हटकून वाद घालतात. मध हे त्यांचंच अन्न, मग काय बिघडलं? बिघडतं असं की बरणीतला मध कुठल्या तरी दुसऱ्या वसाहतीतला असतो. त्यातून फाउलब्रूड नावाच्या अळ्यांच्या रोगाचे बीजाणू आणि विषाणू येऊ शकतात. माणसाला त्यांचं काही होत नाही. पण ही माशी तो मध पोटात घेऊन घरी परतली तर तिकडच्या अळ्यांना धोका. एकीला वाचवण्याच्या नादात पोळं आजारी पाडण्यात अर्थ नाही.

पाजायचं कसं, तर ड्रॉपरचा एक थेंब माशीच्या तोंडापुढे ठेवायचा. अंगावर नाही आणि वाटीत तर नाहीच. श्वासाची छिद्रं अंगाच्या कडेला असल्यामुळे ती पाकात लोळली तर गुदमरते. थेंबाची कड एका शृंगिकेच्या टोकाला हलकेच लागू द्या. मधमाशी शृंगिकांनी चव घेते. गोडी लागताच हनुवटीखाली घडी करून ठेवलेली सोंड खटकन उलगडते, तपकिरी, चकचकीत, टोकाला केसाळ जीभ. थेंबात ती लपलप सुरू झाली की पोटाचा हिसकाही वाढलेला दिसतो. ही प्रतिक्रिया इतकी भरवशाची आहे की मधमाश्यांच्या स्मरणशक्तीवरचे असंख्य प्रयोग हिच्यावरच उभे आहेत. उबदार माशीच्या शृंगिकेला दोन-तीनदा थेंब लावूनही सोंड बाहेर आली नाही, तर पोट भरलेलं आहे किंवा दुखणं वेगळं आहे. पुन्हा पुन्हा थेंब लावून तिचा छळ करू नका. सोंड चिमट्याने ओढून बाहेर काढण्याचे व्हिडिओ फिरतात, ते तर बघून सोडून द्यायचे.

एक-दोन थेंबांत तिचं काम होतं. प्यायल्यावर ती मिशा पुसते, पंखांवरून मागचे पाय फिरवते, थोडी थरथरते आणि निघते. याला कधी पाच मिनिटं लागतात, कधी अर्धा तास.

साखरपाण्याची वाटी बागेत कायमची भरून ठेवू नका. २०१८ मध्ये निसर्गावरच्या माहितीपटांसाठी प्रसिद्ध असलेले ब्रिटिश सादरकर्ते सर डेव्हिड ॲटनबरो यांच्या नावाने एक पोस्ट जगभर फिरली होती. घराघरात माश्यांसाठी साखरपाणी ठेवा असं तिच्यात म्हटलं होतं. ती पोस्ट बनावट होती, पण सल्ला अजून मागे लागलेला आहे. उघड्या वाटीवर अनेक वसाहतींच्या माश्या, गांधीलमाश्या आणि मुंग्या एकत्र येतात. मारामाऱ्या होतात आणि रोग एकमेकींत पसरतात. शिवाय साखरेत प्रथिनं नसतात, ती परागकणांतून येतात, आणि परागकण फुलाशिवाय मिळत नाहीत.

भिजलेली किंवा चिकटलेली

पाण्यातून काढलेल्या माशीला टिपकागदावर किंवा साध्या कागदी रुमालावर ठेवा, पाणी आपोआप ओढलं जाईल. पुसू नका. मधमाशीला पंखांच्या दोन जोड्या असतात आणि उडताना पुढचा व मागचा पंख बारीक आकड्यांनी एकमेकांत अडकतात. चोळलं की पडदा फाटतो. कापूस वापरू नका, पायांच्या नख्या त्यात गुंततात आणि सुटण्याच्या धडपडीत पाय तुटतात. पाकात किंवा सरबतात बुडालेली असेल तर आधी कोमट पाण्याचे थेंब सोडून चिकटपणा घालवा, मग वाळवा.

बुडालेली माशी लगेच मेली असं समजू नका. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका कॅनडातल्या संशोधनात, हिवाळी सुप्तावस्थेतल्या बंबलबीच्या राण्या आठवडाभर पाण्याखाली राहूनही जिवंत राहिल्याचं दिसलं. सुप्तावस्थेतल्या राणीची गोष्ट वेगळी, जाग्या माशीला एवढं जमणार नाही. पण निपचित दिसणाऱ्या भिजलेल्या माशीला काही तास द्यायला हरकत नाही.

पंख

पंख तुटला की तुटला. पूर्ण वाढ झालेल्या माशीचे पंख भरून येत नाहीत, आणि डिंकाने कागदाचा तुकडा चिकटवून काही होत नाही. मात्र पंखांकडे बघून कारण बरंच कळतं.

कड झिजलेली, झालरीसारखी चिरफाळलेली असेल तर म्हातारपण. ऐन हंगामात पोळ्यातली कामकरी माशी जेमतेम सहा आठवडे जगते आणि त्यांतले शेवटचे दोन-तीन बाहेर खेपा घालण्यात जातात. पाठीवरची लव झडून ती काळी, गुळगुळीत दिसते. अशा माशीला साखरपाणी दिलं तर ती दिवसभराची सोबत मिळवते, आयुष्य नाही. ती तुमच्या हातून मेली असं वाटून घेऊ नका.

एकाच बाजूचा पंख मुळापासून गेला असेल तर पक्ष्याचा, सरड्याचा नाहीतर दाराच्या फटीचा वार.

दोन्ही बाजूंचे पंख चुरगळलेले, सुकलेल्या पाकळीसारखे वळलेले असतील आणि माशी तरुण, लवदार दिसत असेल, तर ती कोषातून बाहेर आली तेव्हाच तशी होती. पोळ्यातल्या माश्यांत यामागे बहुधा पंख विकृत करणारा विषाणू असतो. व्हरोआ माइट, म्हणजे माशीच्या अंगाला चिकटणारा एक बारीक परजीवी किडा, कोषातल्या माशीचा रस शोषताना तो आत सोडतो. हा विषाणू बंबलबीतही सापडला आहे. एका मोहोळाखाली अशा अनेक माश्या चालताना दिसल्या तर वसाहत आजारी आहे. या माश्यांना गोळा करून दुसऱ्या मोहोळाजवळ किंवा फुलांवर सोडू नका.

उडू न शकणारी माशी पाळायची का? राणी बंबलबी असेल तर काही काळ जमतं. २०१७ मध्ये स्कॉटलंडमध्ये एका बाईंनी पंख नसलेली बंबलबी राणी बागेत फुलांची वेगळी जागा करून सांभाळली होती आणि ती सुमारे पाच महिने जगली. एकट्या राहणाऱ्या भुंग्यालाही फुलांच्या कुंडीवर, मुंग्यांपासून दूर, काही दिवस बरे जातात. पोळ्यातली कामकरी माशी मात्र एकटी टिकत नाही. ऊब, अन्न, गंध, स्पर्श सगळं तिला बहिणींकडून मिळतं. तिला सावलीतल्या फुलावर ठेवावं आणि आपण बाजूला व्हावं. डब्यात ठेवून साखर पाजत राहणं हे आपल्या समाधानासाठी असतं, तिच्यासाठी नसतं.

अंगावर किडे दिसतात

मोठ्या काळ्या भुंग्याच्या किंवा बंबलबीच्या अंगावर फिकट तपकिरी माइट चिकटलेले दिसले की लोक ब्रश घेऊन बसतात. त्यांतले बरेचसे नुसते प्रवासी असतात. एका घरट्यातून दुसऱ्यात जायला त्यांना भुंगा वाहन म्हणून लागतो. लाकडात घर करणाऱ्या भुंग्यांच्या काही जातींत तर मादीच्या पोटाच्या पुढच्या भागात माइट राहण्यासाठी चक्क कप्पा असतो. शरीरानेच जागा करून दिलेल्या भाडेकरूंना आपण हाकलू नये. माइट इतके दाटले असतील की भुंग्याला उडता येत नाही, तरच मऊ ब्रशने थोडे कमी करा.

खरा शत्रू बाहेरून दिसत नाही. काही परजीवी माश्या (मधमाश्या नव्हेत, घरमाशीच्या जातकुळीतल्या) फुलावर दबा धरून बसतात, बंबलबीला पकडतात आणि तिच्या पोटाच्या कड्यांमध्ये अंडं घालतात. अळी आतून खात वाढते आणि काही दिवसांत बंबलबी मरते. अशा बंबलबी रात्री घरट्यात न जाता बाहेर गारठ्यात राहतात. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसलं की थंडीमुळे अळीची वाढ मंदावते आणि बंबलबीला थोडे जास्त दिवस मिळतात. तेव्हा संध्याकाळी फुलावर बसलेली, पोट फुगलेली बंबलबी दिसली म्हणून तिला घरात उबेला आणणं म्हणजे अळीचीच सोय. तिला जिथे आहे तिथे राहू द्या.

विषबाधा

माशी पाठीवर पडून गरगर फिरते, पाय झटकते, सरळ केली तरी पुन्हा उलटते, अंगाला कंप आहे आणि सोंड बाहेर लोंबते आहे. हे थकल्याचं लक्षण नाही. उपाशी मेलेल्या माशीचीही सोंड कधी बाहेर राहते, पण गरगर फिरणं आणि एकाच दिवशी अनेक माश्या पडणं हे कीटकनाशकाकडे बोट दाखवतं. यावर घरगुती उतारा नाही. अंगावर पावडर दिसत असेल तर पाण्याचा एखादा थेंब सोडून ती धुता येते. सावलीत, शांत जागी ठेवा. थोडं विष गेलेल्या काही माश्या स्वतःहून सावरतात. बाकीच्या सावरत नाहीत.

शोध फवारणीचा घ्या. स्वतःच्या घरापासून सुरुवात करा: कुंड्यांवरचं औषध, भिंतीच्या कडेचा मुंग्यांचा स्प्रे, डासांची धुरळणी. फुललेल्या झाडावर कीटकनाशक मारायचं नाही हा पहिला नियम. मारणं टळतच नसेल तर सूर्यास्तानंतर, माश्या परतल्यावर, आणि तेही फुलं खुडून. काही औषधं झाडात मुरतात आणि मकरंदात, परागात उतरतात, त्यांना वेळेचा नियमही उपयोगी नाही. निओनिकोटिनॉइड गटातली औषधं अशीच आहेत. त्यांतल्या तिघांचा शेतातला उघडा वापर युरोपीय संघाने २०१८ मध्ये बंद केला तो याच कारणाने.

रात्र पडली तर

अंधार पडताना सापडलेल्या, बाकी धडधाकट माशीला रात्रीपुरतं ठेवायला काड्यापेटीपेक्षा थोडा मोठा पुठ्ठ्याचा खोका पुरे. बारीक भोकं, तळाला खरखरीत कागद, एक थेंब साखरपाणी बाटलीच्या झाकणात, बुडू नये म्हणून झाकणात दोन खडे. जागा अंधारी आणि थंडसर. खोलीतल्या दिव्याखाली ठेवलं तर ती रात्रभर खोक्याला धडका देते आणि सकाळपर्यंत खरोखरीच मरायला टेकते. ऊन आल्यावर, जिथे सापडली तिथेच झाकण उघडा. मधमाशीला घराची वाट खुणांवरून माहीत असते. प्रेमापोटी दूरच्या बागेत नेऊन सोडलं तर ती हरवते, आणि एकट्या राहणाऱ्या छोट्या माश्यांचा वावर तर काहीशे मीटरांतच असतो.

रोज त्याच जागी सापडतात

आता मुख्य तक्रार. पहिला संशय दिव्यावर. रात्रभर जळणाऱ्या बाहेरच्या दिव्याखाली सकाळी माश्यांचा सडा असेल तर उत्तर मिळालं. आग्या माश्या चांदण्यात बाहेर पडतात, त्यांचं मोहोळ आसपास असेल तर त्या दिव्याकडे ओढल्या जातात, फिरून फिरून दमतात आणि खाली पडतात. दिवा बंद करा. ते शक्य नसेल तर वरून झाकून प्रकाश खाली वळवा, पांढऱ्याऐवजी लालसर किंवा पिवळट दिवा लावा, खिडकीला पडदा ओढा. मधमाशीला लाल रंग दिसत नाही, पोळं हाताळणारे लोक रात्री लाल दिवा वापरतात तो त्यासाठीच.

दुसरा संशय काचेवर. आतल्या बाजूला खिडकीच्या चौकटीत मेलेल्या माश्या साचत असतील तर त्या उपाशी नाहीत, अडकलेल्या आहेत. वरची झडप उघडी ठेवा. आत दिसलेल्या माशीवर ग्लास पालथा घाला, खाली पुठ्ठा सरकवा आणि बाहेर सोडा.

तिसरं, पाणी. उघडी बादली, टाकी, गुळगुळीत काठाचं भांडं. झाकण लावा किंवा लाकडाचा तुकडा तरंगत ठेवा. पक्ष्यांच्या भांड्यात पाण्यावर डोकं काढणारे खडे टाका.

चौथं, डोक्यावर बघा. छज्जाखाली, फांदीवर मोहोळ असेल तर त्याच्याखाली रोज काही माश्या पडणं हा हिशेबच आहे. भरलेल्या वसाहतीत हजारो माश्या असतात आणि आयुष्य काही आठवड्यांचं, म्हणजे रोज बऱ्याच मरणार. मेलेल्यांना उचलून बाहेर टाकण्याचं काम करणाऱ्या कामकरी माश्याही ठरलेल्या असतात. फुलांचा हंगाम संपताना नरांना बाहेर काढलं जातं. मोठे डोळे, जाडसर अंग, नांगी नाही, असे जीव खाली रांगताना दिसले तर ते नर आहेत. त्यांना साखरपाणी पाजून परत पाठवण्याचा उपयोग नाही, दारातून पुन्हा बाहेरच काढतील.

खाली पडणाऱ्या माश्यांचा आकडा चार-पाच दिवस लिहून ठेवा, सोबत वेळ आणि माश्या कशा पडल्या होत्या तेही. पहाटे दिव्याखाली, दुपारी काचेत, दिवसभर मोहोळाखाली, असा फरक लगेच दिसतो. दिवा दोन रात्री बंद ठेवूनही आकडा तेवढाच राहिला आणि पडलेल्यांत पाठीवर गरगरणाऱ्या जास्त असल्या, तर शेजारीपाजारी कोण कधी काय फवारतं याची चौकशी करायला लागा.